प्लेगची ओळख : रोग, उपाय आणि विश्वास यांचा एका दशकाचा इतिहास

‘उंदीर पडू लागले’ हे तीन शब्द एके काळी मराठी मुलुखात सरकारी जाहिरनाम्याहून अधिक परिणामकारक ठरत असत. हे शब्द कानी पडताच गावकरी धान्य, भांडीकुंडी व गुरेढोरे घेऊन गावाबाहेर माळावर झोपड्या घालीत आणि रोग ओसरेपर्यंत घराचा उंबरा ओलांडीत नसत. उंदरांचा आणि माणसाच्या मरणाचा संबंध काय, हे त्यांस कोणी शिकविलेले नव्हते. पण तो संबंध आहे एवढे त्यांनी अनुभवाने ताडले होते. त्याच सुमारास मुंबईपुण्यासारख्या नगरांत सुशिक्षित अधिकारी गटारे धूत होते, भिंतींना चुना फाशीत होते आणि लोकांच्या घरांत शिपाई पाठवीत होते. यांपैकी बरोबर कोण होते, किती अंशी होते, आणि ते सिद्ध होण्यास किती काळ लागला, या प्रश्नांचा विचार करण्याचा आमचा हेतू आहे.

प्लेगचा इतिहास आपल्याकडे बहुधा राजकीय इतिहासाचे एक प्रकरण म्हणून शिकविला जातो. रँडचा वध, चापेकर बंधूंचे बलिदान, लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला एवढे सांगून झाले की शिक्षक पुढील धड्याकडे वळतो. या घटनांचे महत्त्व आम्ही यत्किंचितही कमी लेखीत नाही. परंतु ज्या रोगामुळे हे सर्व घडले तो रोग काय होता, तो कसा पसरत होता आणि त्यावरील उपाय का फसत होते हे समजल्यावाचून त्या राजकीय घटनांचाही अर्थ पुरता लागत नाही, असे आमचे मत आहे.

रोगाचे आगमन

१८९४ साली हाँगकाँग येथे प्लेगची मोठी साथ उद्भवली. त्याच वर्षी तेथे फ्रेंच संशोधक अलेक्झांडर येर्सिन यांनी रोग्याच्या गाठीतून या रोगाचा जंतू वेगळा काढला; जपानचे कितासातो हेही त्याच वेळी तेथे याच शोधात गुंतले होते. म्हणजे हिंदुस्थानात हा रोग आला तेव्हा त्याचे कारण जे जंतू, ते ज्ञात झाले होते. अज्ञात होता तो त्याचा मार्ग. पुढील दहाबारा वर्षांच्या सर्व शोकांतिकेचे मूळ या एका भेदात आहे. शत्रूचे नाव ठाऊक असणे आणि तो कोणत्या दारातून घरात शिरतो हे ठाऊक असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि गाठी यांनी माणसे दगावू लागली. मांडवी ही गोदीलगतची वखारींची वस्ती. तेथील कोठारांत धान्याची पोती रचलेली असत आणि अर्थातच उंदरांचा सुळसुळाट असे. हा ताप साधा नसून गाठीचा प्लेग आहे, हे निदान प्रथम केले ते मूळचे गोव्याचे असलेले डॉक्टर आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. असे निदान उच्चारणे म्हणजे बंदराचा व्यापार बंद पाडण्यासारखे होते. साहजिकच ते ऐकून घेण्यास पुष्कळांची मने तयार नव्हती. तथापि अन्य तज्ज्ञांनी तपासणी करून तेच मत दिले. हेच व्हिएगस पुढे मुंबई महापालिकेच्या अध्यक्षपदी आले. गोमंतकाच्या या सुपुत्राचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते, हे आम्हास खेदाने नमूद करावे लागते.

रोगाची लक्षणे भयंकर होती. एकाएकी थंडी वाजून तीव्र ताप येई, डोके फुटू लागे, जांघेत अवधाण किंवा काखेत वा मानेत गाठ येई; रोगी भ्रमिष्टासारखा बरळू लागे आणि कित्येकदा चारसहा दिवसांत त्याचा अंत होई. जंतू फुप्फुसात शिरले तर रोगी याहूनही लवकर जाई, आणि त्या प्रकारात मात्र रोग खोकल्यावाटे एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरळ पसरे. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगात शंभरांत तीस ते साठ रोगी मरतात, आणि फुप्फुसाच्या प्लेगात बहुधा कोणीच वाचत नाही, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. त्या काळी उपचार म्हणण्यासारखा काही नव्हताच.

मुंबई ओस पडू लागली. १८९१ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती सुमारे ८ लक्ष २२ हजार होती; १९०१ मध्ये ती सुमारे ७ लक्ष ७६ हजार भरली. वाढत्या गिरण्यांच्या नगरीत दहा वर्षांत माणसे वाढण्याऐवजी घटावी, यातच सर्व काही आले. पळणाऱ्यांबरोबर आणि त्याहूनही अधिक मालाबरोबर रोग कोकणात, देशावर, गुजराथेत, कर्नाटकात पोहोचला. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात सुमारे १३ लक्ष माणसे प्लेगने मेली. आणि सर्व साथींची बेरीज एक कोटीच्या वर जाते.

उपाय आणि अत्याचार

सरकारने केलेले उपाय त्या काळच्या समजुतीस धरून होते. रोग घाणीतून, जमिनीतून, दूषित हवेतून आणि रोग्याच्या स्पर्शातून पसरतो, अशी तेव्हाच्या अधिकाऱ्यांची धारणा होती. म्हणून गटारांत कार्बोलिक ॲसिड व समुद्राचे पाणी सोडण्यात आले, घरांची कौले काढून आत ऊन पाडण्यात आले, जमिनी उकरण्यात आल्या, कपडालत्ता जाळण्यात आला, रोग्यांस इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांस विलगीकरणाच्या छावण्यांत नेण्यात आले. यातील कौले काढणे वा सामान हलविणे यांनी कधी कधी लाभही होत असेल. परंतु गटारे धुण्याने त्यांतील उंदीर निघून शेजारच्या घरांत शिरण्याचा संभव होता, याची कोणास कल्पना नव्हती.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा. पण त्याने सरकारास अमर्याद अधिकार दिले आणि त्याखाली सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यांविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग बंद केला. पुण्यात रँड यांच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सैनिकांकडून घरझडतीचे काम करविले. १८९७ च्या मार्चपासून मेपर्यंत पुण्याच्या पेठांत जे घडले त्याने लोकांची मने कायमची दुखावली. देवघरांत बूट गेले, स्त्रियांची तपासणी उघड्यावर झाली, सामानाची नासधूस झाली, अशा तक्रारी त्या काळच्या मराठी पत्रांत पदोपदी आढळतात. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. दामोदर हरी चापेकर यांस १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली.

येथे एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. टिळक हे प्लेगप्रतिबंधाच्या विरुद्ध होते असा एक समज रूढ आहे. तो बरोबर नाही. रोगी वेगळे ठेवले पाहिजेत हे त्यांस मान्य होते. पुष्कळ पुढारी शहर सोडून गेले असता ते पुण्यातच राहिले आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. त्यांचा विरोध होता तो उपाय अमलात आणण्याच्या रीतीस. दुसरीकडे गोपाळ कृष्ण गोखले यांनी विलायतेत असता सैनिकांच्या स्त्रियांवरील अत्याचारांविषयी मित्रांच्या पत्रांवरून विधाने केली. परतल्यावर ती पुराव्याने सिद्ध करता येईनात, तेव्हा त्यांनी जाहीर क्षमा मागितली. या क्षमेबद्दल त्यांस पुष्कळ दूषणे सोसावी लागली. भयभीत समाजात साक्षीदार पुढे येत नाहीत, आणि साक्षीवाचून सत्यही असिद्ध राहते, हे या प्रकरणातले खरे दुःख होय.

मुंबईतही हेच घडले. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९८ च्या मार्चात शहरात दंगल झाली. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, एवढेच लोकांस दिसत होते. आणि ते चुकीचे नव्हते. कारण बहुतेक रोगी अगदी शेवटच्या अवस्थेत तेथे पोहोचत. याच पार्श्वभूमीवर सावित्रीबाई फुले यांचे कार्य पाहावे. त्यांनी आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी पुण्याबाहेर रोग्यांची शुश्रूषा आरंभिली. रोग्यास उचलून आणण्याचे काम करता करता सावित्रीबाईंस रोगाची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घराघरांतून रोगी ओढून नेणारे सैनिक आणि रोग्यास स्वतः वाहून आणणारी ही वृद्ध स्त्री, ही दोन्ही दृश्ये एकाच शहरातील व जवळजवळ एकाच महिन्यातील आहेत. दोघांचाही उद्देश रोग्यास घरातून हलविण्याचाच होता.

लस आणि तिची परीक्षा

१८९६ च्या ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेल्या या यहुदी शास्त्रज्ञाने यापूर्वी बंगालमध्ये पटकीची लस टोचण्याचे कार्य केले होते. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली. जंतू वाढविण्यासाठी त्यांनी मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवण्याची युक्ती काढली. त्या थेंबांपासून जंतूंचे पुंजके खाली लोंबत वाढत. हिंदू आणि मुसलमान दोघांचाही आक्षेप टळावा म्हणून हा रस बोकडाच्या मांसाचा असे. पुढे उष्णता देऊन जंतू मारीत आणि तीच लस होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी स्वखुशीने पुढे आले त्यांस लस टोचण्यात आली. लस न घेतलेल्या १७२ कैद्यांत १२ जण आजारी पडून ६ मेले. लस घेतलेल्या १४७ जणांत दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. आकडे लहान होते, परंतु त्यांनी आशा निर्माण केली.

याहून महत्त्वाची परीक्षा बडोदे संस्थानात झाली. बडोद्याजवळ उंडेरा नावाचे गाव आहे. तेथे प्लेग शिरला असता १८९८ च्या फेब्रुवारीत हाफकिन व त्यांचे सहकारी यांनी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस लस दिली आणि उरलेल्यांस दिली नाही. वय, प्रकृती यांचा मेळ दोन्ही बाजूंस शक्य तितका सारखा राखला. गावात लस घेतलेले ५१३ आणि न घेतलेले ४३७ होते. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग झाला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडून ३ मेले. न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडून २६ मेले. एकच घर, एकच अन्न, एकच धोका, आणि भेद केवळ लशीचा. तुलनेने सत्य शोधण्याची ही रीत आज सर्वत्र मान्य आहे. तिचा एक आरंभीचा आणि स्वच्छ नमुना बडोद्याच्या परिसरात घडला, ही गोष्ट त्या नगरीतील मराठी वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. निम्म्या माणसांस जाणूनबुजून लशीवाचून ठेवणे उचित होते काय, हा प्रश्न आजचा वाचक विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. त्या काळी लशीचा गुण निश्चित ठाऊक नव्हता एवढेच त्याचे उत्तर देता येते. त्या २६ मृत्यूंचे मोल त्याने फिटत नाही.

त्याच वर्षी कर्नाटकात हुबळी येथे लस घेण्यासाठी लोकांची रीघ लागली आणि शहराच्या फार मोठ्या भागाने ती टोचून घेतली. तेथे सैनिकांची गरज पडली नाही. शेजारच्या घरी लस घेतलेला माणूस वाचला हे डोळ्यांनी पाहिल्यावर लोक आपण होऊन येतात, हा त्यातील धडा.

परंतु लशीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिने ताप येई, हात सुजे. संरक्षण काही महिनेच टिके. आणि साथ मुळापासून उखडण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. त्यातच १९०२ च्या अखेरीस पंजाबातील मुलकोवाल या गावी लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सर्व १९ जणांस एकाच बाटलीतील लस दिली होती. हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर दोष आला आणि त्यांस कामावरून दूर करण्यात आले. पुढे चौकशीच्या कागदपत्रांवरून असे दिसून आले की, बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मुलकोवाल येथेच जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. हिवतापाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञ यांनी १९०७ साली जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे त्यांच्या नावावरील कलंक पुसला गेला. पुन्हा त्यांस मुंबईच्या संस्थेत मात्र नेमले गेले नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेस १९२५ साली ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळाले. आजही ती त्याच नावाने ओळखली जाते.

पिसवेचा शोध

रोगाचा मार्ग शोधणारा पहिला माणूस म्हणजे फ्रेंच डॉक्टर पॉल लुई सिमाँ. त्याने रोग्यांच्या अंगावर, बहुधा पायांवर, एक बारीक फोड पाहिला आणि तो पिसवेच्या चाव्याचा असावा असा तर्क केला. १८९८ च्या जूनमध्ये कराची येथे त्याने एका काचेच्या भांड्यात प्लेगग्रस्त उंदीर ठेवला. त्याच्याजवळच, पण स्पर्श होणार नाही अशा बेताने, निरोगी उंदीर ठेवला. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगने मेला. मधले अंतर ओलांडू शकत होत्या त्या केवळ पिसवा. शोध लागला होता. पण तो मानला गेला नाही. सरकारने नेमलेल्या पहिल्या प्लेग कमिशनने सिमाँचा सिद्धांत बाजूस सारला.

पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमतात हे दाखविले. आणि १९०५ पासून परळ येथे झालेल्या विस्तृत प्रयोगांनी सर्व शंका मिटविल्या. जेथे पिसवा पोहोचू शकत होत्या तेथे प्राणी मेले; जेथे पिसवांस अटकाव होता तेथे ते जगले. आता सर्व कोडे उलगडले. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग आहे. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते आणि भुकेलेल्या पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधतात. उंदीर न मिळाल्यास त्या माणसास चावतात. म्हणून आधी उंदीर पडत आणि काही दिवसांनी माणसे पडत. अति उष्ण व कोरड्या दिवसांत पिसवा जगत नाहीत, म्हणून रोग उन्हाळ्यात ओसरे आणि थंडीत पुन्हा डोके वर काढी. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर व पिसवा प्रवास करीत, म्हणून माणसांस अडवूनही रोग पुढे जाई.

म्हणजे माळावर झोपड्या घालणारा आमचा शेतकरी बरोबर होता. त्याच्या मनात मरीआईचा कोप असेल, वाऱ्याचा दोष असेल. परंतु उंदीर पडताच घर सोडणे हा त्या काळी उपलब्ध असलेल्या उपायांत सर्वांत गुणकारी उपाय होता. तथापि यावरून ‘आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. उंदीर पडल्यावर घर सोडावे हे त्यांस ठाऊक होते. ते का, हे ठाऊक नव्हते. आणि ‘का’ कळल्यावाचून कोणते घर किती दिवस टाळावे, धान्य कसे साठवावे, गोदी आणि वखारी कशा बांधाव्यात यांची उत्तरे मिळत नाहीत. लोकांचे निरीक्षण आणि शास्त्राची कारणमीमांसा यांनी एकमेकांचे वेळीच ऐकले असते, तर ती दहा वर्षे इतकी कडू झाली नसती.

आजच्यासाठी अर्थ

आज प्लेग असाध्य राहिलेला नाही. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. त्यानंतर आलेल्या प्रतिजैविक औषधांनी, ती वेळेवर मिळाल्यास, बहुसंख्य रोगी बरे होतात. परंतु रोग नाहीसा झालेला नाही. रानातील कुरतडणाऱ्या प्राण्यांत त्याचे जंतू जगाच्या अनेक भागांत टिकून आहेत. १९९४ साली बीड जिल्ह्यात गाठीचा आणि सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आढळला. सुरतेत मृत्यू पन्नासाहून थोडे अधिक झाले. पण भयाने लक्षावधी लोकांनी शहर सोडले. शंभर वर्षांपूर्वीचे चित्र जणू पुन्हा उमटले. भेद एवढाच की या वेळी औषध दुकानात मिळत होते. मेलेले उंदीर दिसल्यास उघड्या हातांनी न उचलणे, आरोग्य खात्यास कळविणे, आणि ताप येऊन गाठ आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाणे, एवढे ज्ञान प्रत्येक शाळेतील मुलास दिले पाहिजे.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा सरकारने हाती घेतला तो १८९७ चाच कायदा. त्यात त्या वर्षी आरोग्यसेवकांवर हल्ले करणाऱ्यांस शिक्षेची तरतूद जोडण्यात आली. कायदा तोच, भय तेच, अफवाही बव्हंशी त्याच. रोगी लपविणे, इस्पितळास भिणे, लशीविषयी शंका घेणे या गोष्टी आम्ही पुन्हा पाहिल्या. या वेळी जंतूची आणि त्याच्या मार्गाची ओळख वर्षांत नव्हे, महिन्यांत पटली. परंतु माणसांचा विश्वास संपादन करण्याची विद्या त्या वेगाने वाढलेली नाही.

साहित्याशी संबंधित संस्थेने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, प्लेगच्या काळातील अनुभवाचा मोठा भाग मराठीत आहे. वृत्तपत्रांचे स्तंभ, खाजगी पत्रे, दुकानांच्या चोपड्या, गावच्या दप्तरांतील नोंदी, स्त्रियांच्या ओव्या, यांत तो विखुरलेला आहे. सरकारी अहवाल इंग्रजीत आहेत आणि ते ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. मराठी कागद मात्र माळ्यावर कसर खात पडले आहेत. बेळगाव, बडोदे, हैदराबाद, इंदूर, गोवे येथील शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांकरवी असे कागद शोधून त्यांच्या नकला करवून घेतल्या, तर या इतिहासाची दुसरी बाजू उजेडात येईल. उंडेरा गावच्या आकड्यांत जे २६ जण आहेत, त्यांची नावे अहवालाच्या सारांशांत आढळत नाहीत. अशी नावे कोठे तरी कोणी लिहून ठेविली असतील, तर ती शोधणे हे आपलेच कर्तव्य होय.